शनिवारी खालच्या श्रेणीत, रविवारी वरच्या: नॅस्कारचे मोठे ड्रायव्हर छोट्यांच्या शर्यती का जिंकतात?

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, ब्रिस्टलच्या ट्रॅकवर काईल लार्सन या ड्रायव्हरने शनिवारी नॅस्कारची एक मोटार शर्यत जिंकली. ३०० फेऱ्यांपैकी सुमारे पावणेतीनशे फेऱ्या तो पहिल्या क्रमांकावर होता. दुसऱ्या दिवशी त्याच ट्रॅकवर ५०० फेऱ्यांची मोठी शर्यत झाली. तीही त्यानेच जिंकली, ४११ फेऱ्या आघाडीवर राहून.

रविवारच्या विजयाबद्दल कुणाला काही म्हणायचं नव्हतं. ती सर्वोच्च श्रेणीची शर्यत आणि लार्सन तिथला २०२१ च्या संपूर्ण हंगामाचा विजेता. २०२५ च्या अखेरीस त्याने दुसऱ्यांदा ते विजेतेपद मिळवलं. वाद असतो तो शनिवारच्या शर्यतीबद्दल. ती दुसऱ्या श्रेणीची. वर जाण्याची वाट बघणारे तरुण आणि वर जायची संधी हुकलेले अनुभवी लोक तिथे वर्षभर पळतात. अशा ठिकाणी वरच्या श्रेणीतला विजेता येतो, सगळ्यांना मागे टाकून करंडक घेऊन जातो आणि हे नियमात बसतं. नॅस्कारच्या टीम जिथे वसल्या आहेत त्या शार्लटच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींना हा खेळ ऑफिसातल्या गप्पांतून तरी भेटतो. बाकीच्यांना पहिला प्रश्न पडतो तो हाच, की हे चालवून कसं घेतात?

चालवून का घेतात याचं उत्तर सापडतं. पण त्यासाठी ड्रायव्हरकडे कमी आणि त्याच्या गाडीमागच्या गॅरेजकडे जास्त बघावं लागतं.

आधी श्रेण्या समजून घेऊ

नॅस्कार ही अमेरिकेतली मोटार शर्यतींची संस्था १९४८ मध्ये फ्लोरिडातल्या डेटोना बीच इथे बिल फ्रान्स यांनी उभी केली. तिच्या शर्यती 'स्टॉक कार'च्या. म्हणजे मूळ कल्पना अशी की शोरूममध्ये विकली जाते तीच गाडी पळवायची. आज त्यातलं फक्त बाहेरचं रूप उरलं आहे. आतली गाडी पूर्णपणे शर्यतीसाठी बांधलेली असते. बहुतेक ट्रॅक लंबगोल, वळणांवर आतल्या बाजूला कललेले. गाड्या गोल गोल फिरतात म्हणून फॉर्म्युला वनचे चाहते नाकं मुरडतात, पण तीन-साडेतीन डझन गाड्या दाटीवाटीने त्या वेगात पळताना एकदा नीट बघाव्यात.

राष्ट्रीय पातळीवर तीन मालिका आहेत. सगळ्यात वर कप. तिच्याखाली जी आहे तिचं नाव स्पॉन्सरप्रमाणे बदलत आलं: १९८४ पासून बुश, २००८ पासून नेशनवाइड, २०१५ पासून एक्सफिनिटी आणि २०२६ पासून ओ'रायली. या लेखात तिला सरळ 'दुसरी मालिका' म्हणू. तिसरी ट्रकची, म्हणजे पिकअपची, १९९५ मध्ये सुरू झालेली. या तिसऱ्या मालिकेशी भारताचा एक धागा आहे. कोइम्बतूरचा नारायण कार्तिकेयन २०१० मध्ये तिथे काही शर्यती पळला आणि चाहत्यांच्या मतदानात त्या वर्षीचा सर्वांत लोकप्रिय ट्रक ड्रायव्हर ठरला. ऑनलाइन मतदानात भारतीयांशी पंगा घेऊ नये, एवढंच म्हणतो.

वर्षातले बरेच शनिवार-रविवार असे असतात की दोन्ही मालिका एकाच ट्रॅकवर येतात. दुसरी मालिका शनिवारी, कप रविवारी. त्यामुळे कपच्या ड्रायव्हरला शनिवारी पळायला वेगळा प्रवास करावा लागत नाही. तो तिथेच असतो.

हे नवीन नाही, पहिल्या दिवसापासूनचं आहे

दुसरी मालिका आजच्या स्वरूपात १९८२ मध्ये सुरू झाली. तिची पहिली शर्यत डेटोनाला झाली आणि ती जिंकली डेल अर्नहार्टने. तो तेव्हा कपचा माजी विजेता होता. तेव्हा 'पूर्वी हे फक्त होतकरूंचं होतं, मग मोठ्यांनी घुसखोरी केली' ही कथा ऐकायला बरी असली तरी खरी नाही.

मात्र प्रमाण बदललं. सुरुवातीच्या काळात कपचे ड्रायव्हर हौसेने, अधूनमधून येत. मार्क मार्टिनने तशाच अधूनमधूनच्या शर्यतींत ४९ विजय जमवले आणि तो विक्रम बरीच वर्षं टिकला. मग २००१ आलं. फेब्रुवारीत डेटोनाच्या कप शर्यतीत शेवटच्या फेरीला अर्नहार्टचा अपघाती मृत्यू झाला. त्याच्या टीमच्या मालकाने, रिचर्ड चिल्ड्रेसने, त्याच्या जागी केव्हिन हार्विकला बसवलं. हार्विक त्या वर्षी दुसरी मालिका पूर्ण खेळणार होता. त्याने ती सोडली नाही. दोन्हीकडे पळत राहिला, दुसऱ्या मालिकेचं विजेतेपद जिंकलं आणि कपमध्ये त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदितही ठरला. एका दुर्दैवी प्रसंगातून का होईना, दोन्ही हंगाम एकत्र ओढता येतात हे सिद्ध झालं.

पुढे ते नेहमीचं झालं. २००६ ला हार्विक, २००७ ला कार्ल एडवर्ड्स, २००८ ला क्लिंट बोयर, २००९ ला काईल बुश, २०१० ला ब्रॅड केसेलोव्स्की. दुसऱ्या मालिकेची सलग पाच विजेतेपदं कपमध्ये पूर्णवेळ पळणाऱ्यांकडे गेली. त्यातही २००६ चा हंगाम काढून बघण्यासारखा आहे. ३५ शर्यती झाल्या आणि कपबाहेरच्या फक्त दोघांना विजय मिळाला. हार्विक दुसऱ्या क्रमांकापेक्षा ८२४ गुणांनी पुढे होता, आणि तो दुसऱ्या क्रमांकाचा माणूसही कपचाच एडवर्ड्स. या पाहुण्यांना अमेरिकेत 'बुशव्हॅकर' म्हणू लागले. दबा धरून लुटणाऱ्याला तिथे जो शब्द आहे त्यावरची ही कोटी. कौतुक त्यात फारसं नव्हतं.

आणि मग काईल बुश. (त्याच्या आडनावाचा आणि बुश मालिकेचा काही संबंध नाही. मालिकेला नाव बिअरवरून मिळालं होतं.) २०१० मध्ये तो दुसऱ्या मालिकेत २९ शर्यती पळला आणि १३ जिंकला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्रिस्टलला एकाच आठवड्यात ट्रक, दुसरी मालिका आणि कप अशा तिन्ही शर्यती त्याने जिंकल्या. तसं आधी कुणी केलं नव्हतं. २०१७ मध्ये त्यानेच ते पुन्हा केलं. २०२१ चा हंगाम संपला तेव्हा दुसऱ्या मालिकेत त्याच्या नावावर १०२ विजय होते, साडेतीनशेहून अधिक शर्यतींतून. शंभरावा विजय नॅशव्हिलला मिळाला, ज्या ट्रॅकवर २००९ मध्ये जिंकल्यावर बक्षीस म्हणून मिळालेली रंगवलेली गिटार त्याने सर्वांसमोर आपटून फोडली होती. लोकांचा राग फक्त आकडेवारीवर नव्हता, हे यावरून कळावं.

तो चांगला म्हणून जिंकतो, एवढंच ना?

नाही. चांगला तर आहेच, पण हे अर्धं उत्तर झालं.

जिमी जॉन्सनचं उदाहरण घ्या. कपची सात विजेतेपदं, इतिहासात संयुक्त सर्वाधिक. दुसऱ्या मालिकेत त्याचे विजय किती? एक. केवळ गुणवत्तेनेच खालची मालिका आपोआप जिंकता आली असती तर हा आकडा असा दिसला नसता. जॉन्सन तिथे बुशइतका पळला नाही हे खरंच, पण जेवढा पळला त्यातही तिथे धुमाकूळ घातला असं काही झालं नाही.

आता याच्या उलट बाजूचं, माझ्या मते या सगळ्या वादातलं सर्वांत बोलकं उदाहरण. २०२१ मध्ये जो गिब्ज यांच्या टीमची ५४ क्रमांकाची गाडी. नियमानुसार त्या वर्षी बुशला पाचच शर्यतींची परवानगी होती. तो पाच पळला, पाचही जिंकला. इथे बहुतेक लोक वाचायचं थांबवतात. पण उरलेल्या हंगामात त्याच गाडीत इतर ड्रायव्हर बसले. मालकाचा नातू टाय गिब्ज तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा, पदार्पणाचं वर्ष. त्याने चार जिंकल्या. क्रिस्टोफर बेलने न्यू हॅम्पशायरला एक जिंकली, जॉन हंटर नेमेचेकने टेक्ससला एक. म्हणजे ड्रायव्हर बदलत राहिले आणि गाडी जिंकत राहिली. बुशचं पाचपैकी पाच हे असामान्यच. पण त्या गाडीत बसून अठरा वर्षांचा मुलगाही पहिल्याच प्रयत्नात जिंकतो, तेव्हा विजयाचा मोठा वाटा कुठे आहे ते दिसतं.

गॅरेजमध्ये नेमकं असतं काय

नियमाने गाड्या जवळजवळ सारख्या असतात. मग फरक पडतो कुठे, तर नियमांनी जिथे मोकळीक ठेवली आहे अशा असंख्य बारीक जागांत.

जो गिब्ज, रिचर्ड चिल्ड्रेस, पेन्स्के, रूश ही सगळी मुळात कपची घराणी. डेल अर्नहार्ट ज्युनियरची जेआर मोटरस्पोर्ट्स दुसऱ्या मालिकेत पळते, पण तिचं इंजिन आणि तांत्रिक नातं हेन्ड्रिक या कपच्या बड्या टीमशी. अशा टीमकडे नॉर्थ कॅरोलिनात शेकडो माणसांचे कारखाने असतात. गाडीवरून हवा कशी वाहते ते तपासायला वाऱ्याच्या बोगद्यात तासांवर पैसे मोजायची ऐपत असते. ट्रॅक हुबेहूब उभा करणाऱ्या सिम्युलेटरमध्ये सराव असतो. आणि कपसाठी गोळा केलेली माहिती असते: या ट्रॅकवर चाळीस फेऱ्यांनंतर उजवा पुढचा टायर किती झिजतो, ऊन उतरलं की पकड कुठे वाढते.

छोट्या टीमकडे इंजिन असतं तेही बहुधा याच घराण्यांकडून भाड्याने घेतलेलं. टायर सगळ्यांना गुडइयरचेच घ्यावे लागतात, पण परवानगी असलेले सगळे संच विकत घेणं प्रत्येकाला परवडत नाही. मोठी टीम नवे टायर लावून बाहेर पडते, छोटी जपून ठेवलेले वापरलेले लावते. पिटमध्ये, म्हणजे शर्यतीच्या मध्येच गाडी थांबते त्या जागी, टायर बदलणारी माणसं बड्यांकडे कपमधलीच, रोज तालीम करणारी, कॉलेजात खेळाडू असलेली. छोट्यांकडे त्या शनिवारपुरती बोलावलेली. एका थांब्यात दोन सेकंद गेले की ट्रॅकवर पाच-सहा गाड्या पुढे निघून जातात.

आता हा फरक किती मोठा होतो याचा हिशेब करा. ब्रिस्टलची एक फेरी साधारण १५ सेकंदांची. समजा तुमची गाडी आघाडीच्या गाडीपेक्षा फेरीमागे फक्त एक दशांश सेकंद हळू आहे. डोळ्याला तो फरक दिसतही नाही. पण मध्ये शर्यत थांबली नाही (म्हणजे अपघात वगैरे होऊन सगळ्या गाड्या एकामागे एक हळू फिरवल्या गेल्या नाहीत) तर १५० फेऱ्यांत ते १५ सेकंद होतात, म्हणजे आघाडीची गाडी मागून येऊन तुम्हाला एक पूर्ण फेरी मागे टाकते. घरी टीव्हीवर बघणारा म्हणतो, 'केवढा पाणउतारा!' फरक होता एक दशांशाचा.

त्यात हवेची भर पडते. वेगात गाडीवरून वाहणारी हवा तिला जमिनीकडे दाबते आणि त्यामुळे वळणावर टायर घट्ट धरतात. पुढे जो असतो त्याला स्वच्छ हवा मिळते. मागच्याला मिळते ती पुढच्याने विस्कटून टाकलेली हवा, तिच्यात दाब कमी, पकड कमी. त्यामुळे बरोबरीची गाडी असली तरी पुढच्याला गाठून ओलांडणं कठीण जातं. एकदा पुढे गेलेला पुढेच राहतो, तो काही अंशी या कारणाने.

ड्रायव्हरचा भाग येतो तो यानंतर. टायर न जाळता वेग कसा टिकवायचा, शर्यत थांबून पुन्हा सुरू होते त्या क्षणी ट्रॅकवरची कोणती ओळ, म्हणजे मार्ग, पकडायची, गाडीत काय बिघडतंय ते अभियंत्याला दोन वाक्यांत कसं सांगायचं. या गोष्टी शेकडो कप शर्यतींनी शिकवलेल्या असतात. चांगली गाडी आणि ही समज एकत्र आली की शनिवारची शर्यत एकतर्फी होते.

तरीही नेहमी नाही. ब्रिस्टलच्या तीन आठवडे आधी, मार्च २०२५ मध्ये, होमस्टेडला लार्सन एकाच आठवड्यात तिन्ही शर्यती जिंकायला निघाला होता. शुक्रवारी ट्रक जिंकला, रविवारी कप जिंकला. शनिवारी निम्म्याहून जास्त फेऱ्या पुढे राहिला, पण शेवटी शर्यत थांबली, सगळ्या गाड्या पुन्हा जवळ आल्या आणि नव्या सुरुवातीत त्याची आघाडी गेली. जिंकला जस्टिन ऑलगायर, दुसऱ्या मालिकेतला मुरलेला माणूस. अर्थात गाडी जेआर मोटरस्पोर्ट्सची.

रोहित रणजी खेळला तर आपण टाळ्या वाजवतो, मग इथे तक्रार का?

मराठी वाचकाच्या मनात हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. जानेवारी २०२५ मध्ये भारतीय क्रिकेट मंडळाने आंतरराष्ट्रीय खेळाडूंनी देशांतर्गत क्रिकेट खेळलंच पाहिजे असा आग्रह धरला. रोहित शर्मा मुंबईकडून बीकेसीच्या मैदानावर जम्मू-काश्मीरविरुद्ध उतरला. ३ आणि २८ धावा केल्या, मुंबई पाच गड्यांनी हरली, आणि जम्मू-काश्मीरच्या गोलंदाजांना आयुष्यभर सांगायला गोष्ट मिळाली. तिकडे नॅस्कारने नेमकी उलटी दिशा धरली: मोठ्यांनो, खाली कमी या.

फरक कळायला रोहित मैदानात काय घेऊन आला ते बघावं लागेल. आपली बॅट आणि आपला अनुभव. खेळपट्टी तीच, चेंडू तोच, आणि अकरांपैकी तो एक. लार्सन शनिवारी येतो तेव्हा त्याच्याबरोबर गाडी, अभियंते, पिटमधली माणसं आणि वर्षभराची माहिती येते. रोहितमुळे कुणा एका तरुण सलामीवीराला सामना बाहेर बसावं लागतं हे दोन्हीकडे सारखं. पण त्या सलामीवीराची मॅच फी मंडळ देतं आणि पुढच्या सामन्यात जागा परत मिळते. नॅस्कारमध्ये तरुणाची जागा स्पॉन्सरच्या पैशावर उभी असते. ती एकदा गेली की निवड समितीकडे दाद मागता येत नाही. तिथे निवड समितीच नसते.

पैसा नेमका कुठून कुठे जातो

दुसऱ्या मालिकेत गाडी वर्षभर पळवायला लाखो डॉलर लागतात आणि बक्षिसाच्या रकमेत ते भागत नाहीत. गाडीच्या बॉनेटवर ज्याचं नाव झळकतं त्या कंपनीच्या पैशावर टीम चालते. कंपनीला काय हवं असतं? टीव्हीवर आपलं नाव. जो पुढे पळतो त्याची गाडी टीव्हीवर जास्त दिसते आणि विजेत्याच्या मुलाखतीत कंपनीचा उल्लेख होतो. एका बाजूला कपचा प्रसिद्ध चेहरा, दुसऱ्या बाजूला कुणी नाव न ऐकलेला बावीस वर्षांचा मुलगा. मार्केटिंगच्या माणसाने कुणाला निवडावं?

यातून एक चक्र तयार होतं. स्पॉन्सर कपच्या ड्रायव्हरकडे जातो, त्या गाडीला आणखी चांगली साधनं मिळतात, ती जिंकते, आणि तरुणाकडे स्पॉन्सर येण्याची शक्यता आणखी घटते. शेवटी ज्याच्या घरी पैसा आहे किंवा ज्याच्या आडनावाला वजन आहे तोच चांगल्या गाडीत बसतो. वर टाय गिब्जचं नाव आलंच आहे; मुलगा गुणी होता यात वाद नाही, पण गाडी आजोबांची होती.

मालकाचाही यात थेट स्वार्थ असतो. नॅस्कारमध्ये गुणांची दोन खाती असतात, एक ड्रायव्हरचं आणि एक गाडीच्या मालकाचं. मालकाच्या खात्यात गाडीचे गुण जातात, मग आत कुणी का बसेना. त्यामुळे ड्रायव्हर बदलत ठेवून, अवघड ट्रॅकवर कपचा माणूस बसवून मालकांचं विजेतेपद लढवता येतं. बाहेरून बघणाऱ्याला हे खातं दिसतच नाही, आणि टीम असं का करतात ते कळत नाही.

मग छोट्या टीमने कधीच जिंकू नये का?

जिंकली होती. जून २००६, केंटकी. डेव्हिड गिलिलंड नावाचा कॅलिफोर्नियाचा ड्रायव्हर, एका छोट्या, पैशाची वानवा असलेल्या टीमची गाडी. समोर कपचे मातब्बर. तो जिंकला. त्या हंगामात कपबाहेरच्यांचे जे दोन विजय झाले त्यातला हा एक (दुसरा मिलवॉकीला पॉल मेनार्डचा, पण त्याच्यामागे मोठी टीम होती).

त्यानंतर काय झालं ते विजयापेक्षा महत्त्वाचं. काही आठवड्यांत रॉबर्ट येट्स यांच्या नावाजलेल्या टीमने गिलिलंडला थेट कपच्या गाडीत बसवलं. दुसऱ्या मालिकेत मोठ्यांना हरवणं ही अशी किल्ली आहे. मोठे ड्रायव्हर तिथे असण्याच्या बाजूने जे सर्वांत चांगलं म्हणता येईल ते हेच: ते नसते तर गिलिलंडच्या विजयाकडे कुणी वळून बघितलं नसतं. फक्त असा विजय किती दुर्मीळ आहे ते लक्षात ठेवूनच हा मुद्दा मांडावा. त्याच एका शर्यतीकडे बोट दाखवून 'बघा, जमतं की' म्हणणारे लोक मला पटत नाहीत.

नियम आले, पण काय साधलं?

पहिला मोठा नियम २०११ चा. ड्रायव्हरने हंगामाच्या सुरुवातीला एकच मालिका निवडायची. विजेतेपदाचे गुण फक्त तिथेच मिळणार. कपवाला शनिवारी येऊ शकतो, जिंकू शकतो, करंडक नेऊ शकतो, पण गुण शून्य. त्यामुळे सलग पाच वर्षांची ती विजेतेपदांची रांग तिथेच संपली. २०११ आणि २०१२ ला रिकी स्टेनहाऊस ज्युनियर जिंकला, जो खरोखर त्या मालिकेचा होता.

पण शर्यती? त्या कपवालेच जिंकत राहिले. २०१३ मध्ये तर ऑस्टिन डिलन हंगामात एकही शर्यत न जिंकता विजेता ठरला. त्याचा दोष नव्हता, सातत्य होतं. तरी संबंध हंगाम इतरांच्या मागे येणाऱ्याला विजेता म्हणताना समालोचकांनाही जड गेलं असावं. २०१६ मध्ये काईल बुशने १७ शर्यतींत १० जिंकल्या आणि संस्थेला पुढचं पाऊल उचलावं लागलं.

२०१७ पासून, कपमध्ये पूर्णवेळ पाचपेक्षा जास्त वर्षं काढलेल्यांना दुसऱ्या मालिकेत वर्षाला १० शर्यतींची मर्यादा आली. हंगामाचा निर्णायक शेवटचा टप्पा त्यांना बंद झाला, आणि लाख डॉलरच्या खास बक्षिसाच्या शर्यतीही. २०१८ ला मर्यादा ७ वर आली, २०२० ला ५ वर. बुशने नंतर जाहीरच केलं होतं की शंभर विजय झाले की थांबणार, आणि थोडेसे जास्तीचेच घेतले.

पूर्ण बंदीच का नाही घातली?

कारण बंदीने ज्यांना वाचवायचं त्यांचंच नुकसान होऊ शकतं. कपच्या ड्रायव्हरच्या थोड्या शर्यतींसाठी आलेला स्पॉन्सर अनेकदा त्याच गाडीच्या उरलेल्या हंगामाचाही काही भार उचलतो, आणि त्या हंगामात तरुण बसतो. तिकिटं विकणाऱ्या ट्रॅकमालकांनाही ओळखीचं नाव हवं असतं. डेल अर्नहार्ट ज्युनियर २०१७ नंतर कपमधून निवृत्त झाला तरी पुढची बरीच वर्षं दुसऱ्या मालिकेत वर्षातून एखाद-दुसरी शर्यत पळत राहिला. तेव्हा कुणी तक्रार केली नाही. प्रेक्षकांना मोठी नावं नकोत असं नाही, एकच नाव दर शनिवारी नको असतं.

'मोठ्यांकडून शिकायला मिळतं' हा युक्तिवादही पूर्ण पोकळ नाही. मागे पडलात तरी पुढच्याची ओळ बघता येते, आणि हल्ली गाड्यांची माहिती इतरांनाही पाहता येत असल्याने लार्सन कुठे ब्रेक लावतो ते नंतर अभ्यासता येतं. मात्र यासाठी वर्षाला दोन-चार भेटी पुरतात.

उलट दिशेने, कपच्या ड्रायव्हरला शनिवारी येऊन रविवारचा सराव मिळतो हे कारण आता कमकुवत झालं आहे. २०२२ मध्ये कपला नवी गाडी आली: १८ इंचांची चाकं, ती धरणारा एकच नट, मागची दोन्ही चाकं स्वतंत्र, पाच गिअर ओळीने पडणारे. दुसऱ्या मालिकेची गाडी जुन्याच धाटणीची राहिली, १५ इंचांची चाकं, पाच नट, चार गिअर. ट्रॅक तोच असला तरी हातात येणारी गाडी वेगळी. आता जो येतो तो बहुतेक करून हौसेने येतो, किंवा स्पॉन्सर म्हणतो म्हणून.

आता मोठे कमी झाले, मग मैदान खुलं झालं का?

२०२५ चा हंगाम बघा. त्या वर्षी दुसऱ्या मालिकेत सर्वाधिक, १० शर्यती जिंकल्या कॉनर झिलिशने. तो पाहुणा नव्हता, त्याच मालिकेचा होता आणि हंगामातच एकोणीस वर्षांचा झाला. एकतर्फीपणा लार्सनच्या ब्रिस्टलपेक्षा कमी नव्हता, पण कुणी त्याला लुटारू म्हटलं नाही. गाडी? जेआर मोटरस्पोर्ट्स. शेवटच्या शर्यतीत फिनिक्सला त्याला हरवून विजेता ठरला जेसी लव्ह. गाडी? रिचर्ड चिल्ड्रेस. त्याआधीच्या वर्षी विजेता ऑलगायर, पुन्हा जेआर. त्याआधी कोल कस्टर, स्ट्यूअर्ट-हास या कपच्या टीमचा. त्याआधी टाय गिब्ज.

ड्रायव्हरवर मर्यादा आली. गॅरेजवर तशी मर्यादा कुणी आणलेली नाही. आणायची म्हटली तरी कशी, हा खरा पेच आहे. कपच्या टीमना दुसऱ्या मालिकेत गाड्या उतरवायला बंदी केली तर निम्म्या चांगल्या गाड्या मैदानातून जातील आणि तरुणांच्या चांगल्या जागाही त्यांच्याबरोबर जातील. खर्चावर कमाल मर्यादा घालायची तर कपसाठी केलेल्या संशोधनाचा किती हिस्सा शनिवारच्या गाडीच्या नावावर मांडायचा, यावर वकिलांचं भलं होईल.

तोवर शनिवारची शर्यत बघायला बसणाऱ्याने एक गोष्ट करून पाहावी. शर्यतीआधी सहभागींची यादी जाहीर होते. तिच्यात ड्रायव्हरच्या नावाशेजारी मालकाच्या नावाचा रकाना असतो. आधी तो वाचावा, मग पहिल्या दहात कोण येईल याचा अंदाज बांधावा. ड्रायव्हरचं नाव झाकून वाचलं तरी बहुधा फार चुकत नाही.